गेल्यावर अधिक

सेलच्या टोकाशी कोरलेलं अधिकचं चिन्ह इतकं बारीक होतं, की ते दिसावं म्हणून तिला सेल खिडकीच्या उजेडात धरावा लागला — एक आडवी रेघ, एक उभी, बस्स — आणि ते दिसल्याबरोबर कालची सगळी चिडचिड पुन्हा छातीत येऊन बसली. ती स्टुलावर उभी होती, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ काखेत धरून. इथंही तेच. अधिक.

"आई, लाव ना पटकन," खाली स्टूल धरून उभी असलेली मुलगी म्हणाली. "मला उशीर होतोय."

"घड्याळच बंद आहे. तुला कसं कळलं उशीर होतोय ते?"

मुलगी हसली नाही. कालपासून दोघींचं जरा बिनसलेलंच होतं. काल जेवणं झाल्यावर मुलीनं तिला रसायनशास्त्र शिकवायला घेतलं होतं — पोरीचा स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून, हेही खरंच — आणि तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर पेन टेबलावर टाकलं होतं. "आई, इलेक्ट्रॉन लूज केला की प्लस, गेन केला की मायनस. यात कळायचंय काय? लक्षात ठेव की सरळ!" आणि मग, हळू आवाजात, जणू समजूत घालत, "जाऊ दे. तुला नाही कळायचं ते." आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला होता, "अगं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? जमेल तेवढं कर." जमेल तेवढं... त्यानं नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. इतक्या मऊ आवाजाशी कोण भांडणार.

पण मला कळत नाही म्हणजे काय कळत नाही? वाक्य तर मला पाठ आहे. सोडियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि त्याचा धन आयन होतो. गेला, आणि अधिक झाला. कपाटातला एक टॉवेल गेला तर कपाटात एक टॉवेल कमी होतो. रोज मोजते मी. गेल्यावर अधिक कसं होईल — एवढंच तर विचारतेय, आणि सगळे असे बघतात, जसं काही मी सूर्य कुठल्या बाजूला उगवतो ते विचारलंय.

डायलिसिसच्या विभागात ती मदतनीस होती. चादरी बदलायच्या, वजनं करायची, पाय चेपायचे, नळ्या लावताना समोरच्याचा हात घट्ट धरायचा. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून मोठेसुद्धा. मशीन चालवणाऱ्या सिस्टरनं एक दिवस सहज म्हटलं होतं, "मावशी, अजून किती वर्षं चादरीच बदलणार? तंत्रज्ञाचा कोर्स करा की. प्रवेश परीक्षा आहे फक्त." फक्त! ते ऐकून त्या संध्याकाळी ती घरी जवळजवळ पळतच आली होती. तेव्हापासून एक दिवसाआड कामावरून सुटून शिकवणीला जायचं, आणि सगळं जमत होतं, गणितसुद्धा. या एका ठिकाणी मात्र गाडी रुतून बसली होती.

आज डायलिसिसला येणारे बँकवाले काका आले तेच भिंतीला धरून. पाय उचलत नव्हते. तिनं वजन करता करता विचारलं, "काय खाल्लं, काका?" आणि त्यांनी चोरून सिगरेट ओढणाऱ्या पोरासारखी मान खाली घातली. केळी. दोन. नातवानं दिली, नाही म्हणवेना. सिस्टरनं रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला आणि डॉक्टरांना हाक मारली, आणि पुढचा तासभर त्या खाटेभोवती कोणी मोठ्यानं बोललं नाही. केळ्यातलं पोटॅशियम रक्तात वाढलं होतं. मशीन फिरत राहिलं, ती काकांच्या गार तळपायांशी उभी राहिली. नळीतून लाल वर जात होतं, लाल खाली येत होतं, आणि त्या लालमधून काहीतरी, जे कोणालाच दिसत नव्हतं आणि जे माणसाचं हृदय बंद पाडू शकत होतं, धुतलं जात होतं... इतकी वर्षं ती हे बघत आली होती. बघत? नाही. शेजारी उभी राहत आली होती.

दुपारनंतर काकांच्या तोंडावर रंग आला. "मावशी," ते म्हणाले, "तुम्ही शिकताय म्हणे. मग सांगा, हे पोटॅशियम म्हणजे असतं तरी काय नक्की?"

तिच्या तोंडी पाठ केलेलं आलं. "धन आयन असतो, काका."

"धन?" काका हसायला लागले. "मग वाढलं तर बिघडलं कुठं?"

सिस्टर हसली, पलीकडच्या खाटेवरच्या बाई हसल्या. तीही हसली. हसता हसता तिचे कान तापले. कारण काकांना खरोखर उत्तर हवं होतं. मरता मरता परत आलेल्या माणसानं विचारलं, की मला मारत होतं ते काय होतं, आणि मी त्याच्या हातात एक शब्द ठेवला. चॉकलेटचा नुसता कागद ठेवावा तसा.

शिकवणीच्या वर्गात संध्याकाळी ती पहिल्या बाकावर बसली. सर तिच्या धाकट्या भावापेक्षाही लहान असतील. दिवसभर दुसरीकडे शिकवून आलेले, बाहीवर खडूचा पांढरा पट्टा. तिनं हात वर केला. मागे कोणीतरी उसासा टाकला. तो तिला नीट ऐकू आला.

"सर, गेल्यावर अधिक कसं?"

"पुन्हा तेच, मावशी?" सरांनी फळ्याकडे वळून दोन शब्द लिहिले. "इलेक्ट्रॉन ऋण आहे. ऋण गेलं की धन. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस सुखी. सोपं आहे!"

वर्ग हसला. तिला ते पटलं, अर्धं. उरलेलं अर्धं पटेना.

"पण त्याला ऋण कोणी म्हटलं?"

"म्हणजे?"

"इलेक्ट्रॉनला. तो कमी कशात आहे?"

सर थांबले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कशातच नाही. तसं ठरलेलं आहे."

ठरलेलं... हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता. शाळा सोडायचं ठरलं होतं, लग्न ठरलं होतं, कोण किती शिकणार तेही ठरलेलं होतं, आणि कधी विचारायला गेलं की ठरवणारं माणूस घरात सापडत नसे. "आणि उलटं ठरलं असतं तर?"

"तर आपण उलट चिन्हं लिहिली असती."

"आणि मीठ?"

"मीठ मीठच राहिलं असतं." सर स्वतःशीच किंचित हसले, आणि मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "पण हे पेपरात येत नाही, मावशी. तुम्ही फार विचार करता. पाठ करा, सुटाल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे दिवस! एवढे दिवस मी त्या चिन्हात काहीतरी शोधत बसले, आणि ते नुसतं नाव होतं, कोणीतरी ठेवलेलं — आणि हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला कोणाची जीभ झिजली असती? ती उठून निघाली नाही. सगळा तास वहीत न लिहिता बसून राहिली.

घरी येताना जिन्याच्या वळणावर ते तिला दिसलं. पिशवी कठड्यावर टेकवून ती दम खात होती, आणि उगाच मनात मांडत होती: सोडियमच्या आत अकरा धन प्रोटॉन, बाहेर अकरा ऋण इलेक्ट्रॉन. जोड्या लागलेल्या, म्हणून काहीच दिसत नाही. बाहेरचा एक गेला. आतले? आतले अकराच. ते हललेच नाहीत. म्हणजे अधिक कुठून आलं नाही... ते आधीपासून आतच होतं, कोणीतरी समोर उभं होतं म्हणून दिसत नव्हतं, एवढंच.

इतकं सरळ.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट रडू आल्यासारखं झालं, रागाचं. मनात लगेच एक गोड वाक्य तयार व्हायला लागलं, बायकांबद्दल, तिच्याबद्दल, झाकून राहिलेल्या कशाकशाबद्दल, आणि तिनं ते तिथंच दाबलं. नको. अणू अणूचा आहे. माझ्या संसाराचं त्याला काय? आणि पोटॅशियमचाही एकच जातो, सोडियमचाही एकच. मग एक वाढलं की हृदय थांबायला येतं आणि दुसऱ्याचं तसं नाही, हे का? इथं तर कोणी ठरवलेलं नाही.

दार मुलीनं उघडलं. बराच वेळ वाट पाहत असावी. "कळलं का आज?"

"कळलं."

"खरंच?" पोरीचा चेहरा उजळला. "सुटलो बाई! ये, आता क्लोरीनचं सांगते, ते याच्याहून सोपं आहे, तो एक घेतो आणि —"

"नको."

"अगं, दोन मिनिटांत —"

"नको म्हणते ना! तू सांगू नकोस."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला त्यांची धार कळली. मुलगी मान हलवून वळली, टेबलाशी जाऊन बसली, पुस्तक जवळ ओढलं. तिच्या पाठीचा ताठपणा दारातूनही दिसत होता. जावं, खांद्यावर हात ठेवावा, म्हणावं, तसं नाही गं... पण कसं, तेही सांगता आलं नसतं. ती तिथंच उभी राहिली, एका पायात चप्पल, एक काढलेली. चिडचिड होतीच. सकाळइतकीच होती, कदाचित जास्तच. फक्त सकाळपासून ती स्वतःवर होती, मठ्ठ म्हणून, शिकायला उशिरा जागी झाले म्हणून; आता ती तशी कोणावरच नव्हती, नुसती होती, भुकेसारखी, आणि कोणी आयतं काही वाढून ती भागवू नये, पुढचं आपलं आपणच शोधावं, असं तिला वाटत होतं.