अर्धी पाठ

मी एक जुनी अक्रोडाची फळी आहे. खरे तर अर्धीच आहे. ते कसे, ते पुढे कळेलच. मित्रांनो, तुम्ही अक्रोड फोडून खाता तेव्हा झाडाची आठवणसुद्धा काढत नाही, मग लाकडाची कोण काढणार? तरी माझी हकिकत ऐका. आम्हा लाकडांना बोलता येत नाही, फक्त वाजता येते. आणि वाजूनही कुणाला ऐकू गेले नाही, तर आम्ही काय करावे?

माझे झाड रस्त्याच्या कडेला उभे होते. रस्ता रुंद करायचा ठरला आणि झाड पडले. त्याचा बुंधा गिटार बनवणाऱ्या एका कारागिराने आपल्या कारखान्यात नेला. त्याने एक जाड फळी उभी चिरून तिचे दोन भाग केले, पुस्तक उघडावे तसे. एक भाग मी आणि दुसरा माझी जुळी बहीण. तिच्या अंगावरची प्रत्येक रेषा माझ्याही अंगावर आहे, फक्त उलट्या बाजूने. गिटारची पाठ अशा दोन जुळ्या फळ्या मधोमध सांधून केली जाते. त्यामुळे आमच्यात एकटीचे मोल शून्य, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

नऊ वर्षे आम्ही कारखान्यातल्या मांडणीवर वाळत पडलो. मध्ये लाकडाच्या चिपा होत्या, वारा खेळता राहावा म्हणून. कंटाळा यायचा, पण कारागिराचे काम पाहण्यात वेळ जायचा. त्याला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. तो फळी वरच्या टोकाला दोन बोटांत धरून लोंबती ठेवायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि डोळे मिटायचा. तेवढ्यावरून तो सांगायचा की हिची गिटार होईल की नाही. त्याचा अंदाज चुकल्याचे कुणी ऐकले नव्हते. अक्रोडावर त्याचा फार जीव. तो म्हणायचा की शिसवी फार गंभीर, महोगनी फार गोड, अक्रोड मात्र दोघांचेही ऐकून घेणारा. नवा असताना जरा लाजतो, पण वाजवत गेलात की वर्षागणिक मोकळा होत जातो. हे ऐकून मी मांडणीवर फुगून बसायचे. लाकडाने फुगणे चांगले नव्हे, तरीही.

त्याची लेक त्याच्याच हाताखाली शिकली होती. नात्याने लेक, कामाने उजवा हात. पाठीला बाक देणे, आतल्या पट्ट्या बसवणे, घासून गुळगुळीत करणे हे सगळे तिचे. लाकूड निवडणे मात्र बाबांचे. तिथे ते म्हणतील ती पूर्व दिशा.

मग काहीतरी बदलू लागले. आधी कानसेनची दारावरच्या घंटेशी भांडणे सुरू झाली. घंटा बिघडली म्हणून त्याने ती दोनदा बदलली. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्याची तक्रार असायची. आणि फळ्या वाजवल्या की तो मान हलवून म्हणायचा, "बद्द आहे. आजकाल लाकडात जीवच राहिला नाही." नापास फळ्या शेजारच्या सुताराकडे जात. तो त्यांची स्टुले करायचा. इतकी सुरेल स्टुले दुसऱ्या कुठल्या गल्लीत नसतील.

आम्हा फळ्यांना कळत होते. फळी वाजते तेव्हा खालचा जाड आवाज आणि वरचा बारीक झंकार असे दोन्ही उठतात. कानसेनला आता तो झंकार पोचत नव्हता, उरलेला धप्प आवाज तेवढा पोचत होता. लेकीलाही कळत होते. फळी नापास होऊन खाली गेली की ती क्षणभर थांबायची, ओठ उघडायची आणि पुन्हा कामाला लागायची. ज्या कानांनी तिला ऐकायला शिकवले, तेच कान गेले असे ती कोणत्या तोंडाने सांगणार? मला तिचा राग येई आणि दयाही येई.

एके दिवशी एक बाई आल्या. त्या लहान मुलांना गाणे शिकवत. त्यांची जुनी गिटार फुटली होती. मुलांच्या आवाजावर चढून बसणारी नको, त्यांच्या बरोबरीने चालणारी हवी, असे त्या म्हणाल्या. कानसेन खुलला. "मग अक्रोडच," तो म्हणाला आणि त्याने मांडणीकडे हात केला. नऊ वर्षांनी आमच्या अंगावरची धूळ पुसली गेली.

पहिल्यांदा त्याने बहिणीला उचलले. टकटक केली. ती अशी वाजली की माझ्या अंगातून शहारा गेला. कानसेनने डोळे उघडले. "बद्द," तो म्हणाला. लेकीचा हात कानशीवर थांबला. मग पुन्हा चालू लागला. बहीण सुताराकडे गेली आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून करवतीचा आवाज येऊ लागला. मी मांडणीवर पडून तो ऐकत होते. त्याहून अधिक काही करणे माझ्या हातात नव्हते, कारण मला हातच नाहीत.

मग त्याने मला उचलले. मित्रांनो, मी जीव ओतून वाजले. झाडाने जितकी वर्षे वारा खाल्ला होता तितकी सगळी त्या एका टकटकीत घातली.

"हीही गेली," कानसेन म्हणाला.

"बाबा, ही वाजतेय," लेक म्हणाली.

"काय?"

तिला तेच मोठ्याने म्हणावे लागले. आणि मोठ्याने म्हणताना तिचा आवाज फुटला. "बाबा, फळी छान वाजतेय. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

कानसेनने मला पुन्हा वाजवले. पुन्हा, पुन्हा, कानाला अगदी चिकटवून. शेवटी हात खाली घेऊन त्याने विचारले, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने एवढेच विचारले, "मग दोन वर्षांत मी सुताराला काय काय दिलं?" लेकीची नजर भिंतीकडे गेली. तो तसाच शेजारी गेला. बहिणीचे तोवर चार तुकडे झाले होते.

माझ्याशी दुसरी फळी जुळवून पाहिली. रेषा जुळल्या नाहीत, आवाजही जुळला नाही. बाईंची गिटार शेवटी महोगनीची झाली. ते लाकूड लेकीने निवडले. आता फळ्या तीच वाजवते आणि कानसेन बाजूला स्टुलावर बसून तिचा चेहरा पाहतो. ती हसली की तो मान डोलावतो.

परवा लेक बाहेर गेली होती. कानसेनने मला मांडणीवरून काढले, दोन बोटांत धरले आणि टकटक केली. मी नेहमीसारखी वाजले. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "छान." त्याला काहीच ऐकू आले नव्हते. माझे मन राखण्यासाठी तो खोटे बोलला. मला वाजूनही त्याचे मन राखता आले नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. मांडणीवरची धूळ पुसा, लाकूड ओलीपासून जपा, हे तर खरेच. पण घरातल्या कुणाला ऐकू येईनासे झाले, दिसेनासे झाले, तर ते त्यांना वेळेवर सांगा. प्रेमाने सांगा, लागलेच तर दोनदा सांगा. मी पडले फळी, मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.