रंध्याची गुरगुर

ज्या वर्षी माझ्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या रंध्याने दाजींना चावा घेतला. रंधा म्हणजे आमचा कुत्रा. मी सुतार. पिल्लू असताना तो तोंडाला लागेल त्या फळीची कड चावून गोल करायचा, म्हणून लाकूड तासायच्या हत्याराचं हे नाव.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई आणि ते बाळं बघायला आले होते. ताई आतल्या खोलीत बाळांपाशी अडकली. दाजी कंटाळून माझ्या कामाच्या खोलीत आले, मी करत असलेल्या खिडकीत दोन चुका काढल्या आणि जरा टेकावं म्हणून कोपऱ्यातल्या भुशाच्या ढिगावर बसले. तो ढीग रंध्याचा. तो हूं की चूं न करता उठला आणि माणूस ज्यावर बसतो तिथेच त्यांना चावला.

दवाखान्यातून सुई घेऊन दाजी परत आले ते उभेच राहिले. ताईने मात्र मला समोर बसवलं.

"घरात दोन तान्ही पोरं आणि हा न सांगता चावणारा कुत्रा. अरे, निदान गुरगुरला तरी असता."

"तो गुरगुरत नाही. ती खोड मी मोडली," मी म्हणालो. अशा वेळीही माझ्या बोलण्यात थोडी ऐट होतीच.

"एक महिना देते. मी पुन्हा येईन तेव्हा हा असाच असला, तर ह्याला घराबाहेर काढायचं."

ताईचा शब्द आमच्याकडे कुणी खाली पडू देत नाही. बायकोने त्या रात्री रंध्याच्या ताटलीत रोजच्या दुप्पट वाढलं. तो नऊ वर्षांचा होता. ह्या वयात, चावरा म्हणून नाव झालेल्या कुत्र्याला दुसरं घर कोण देणार?

ऐटीचं कारणही सांगतो. वर्षभरापूर्वी रंधा ढिगाजवळून जाणाऱ्यावर गुरगुरायला लागला. मी दर वेळी फुटपट्टी आपटून "चूप" म्हणायचो. तीन महिन्यांत आवाज बंद. गल्लीत माझं नाव झालं. शिंप्याने त्याचा कुत्रा माझ्याकडे आणला, त्यालाही मी गप्प केलं. सुताराने मनावर घेतलं तर वाकडं शेपूटही सरळ होईल, असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचो.

जनावरांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने रंध्याला मुसकं बांधलं आणि त्याचा मागचा पाय हळूच वाकवला. तो थरथरला, पण आवाज नाही.

"काका, ह्याचा खुबा दुखतोय. आज-कालचं नाही, बऱ्याच महिन्यांचं दिसतंय. म्हणून त्याला मऊ ढीग लागतो, आणि कुणी जवळ आलं की भीती वाटते. आधी गुरगुरत असेल ना?"

"गुरगुरायचा. मी बंद केलं."

तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे दुखणं तसंच ठेवलंत आणि त्याचं सांगणं तेवढं बंद केलंत."

मी गप्प झालो. मला फुटपट्टी लागली नाही.

तिने गोळ्या दिल्या आणि एक कागद लिहून दिला. मला वाचता येत नाही. मुलीने एका पोराला थोपटत वाचून दाखवलं: बाळांच्या खोलीचं दार कायम लावलेलं ठेवा. ढीग जाण्यायेण्याच्या वाटेवरून हलवा. झोपला असेल तर हात लावू नका, लांबून हाक मारा. गुरगुरला तर रागावू नका, मागे सरका.

"गुरगुरला तर," बायको म्हणाली. "चांगला आवाज होता त्याला. तो तुम्ही घालवलात."

मी शिंप्याकडे जाऊन चूक कबूल केली. त्याचाही कुत्रा न सांगता चावला होता.

"कुणाला?"

"सासूबाईंना. दोनदा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला, "माझी काही तक्रार नव्हती."

मी फुटपट्टी माळ्यावर टाकली आणि ढीग खिडकीखाली नेला. गोळ्यांनी रंध्याचा पाय सैल झाला, तो उन्हात लोळायला लागला. पण आवाज काही फुटेना. तीन आठवडे आम्ही कान लावून होतो. एकदा मीच त्याच्यासमोर ओणवा झालो आणि गुरगुरून दाखवलं. बायको चहा घेऊन आली होती. तिने मला पाहिलं आणि चहा तसाच परत नेला.

महिना झाला. ताई-दाजी आले. दाजींच्या हातात काठी होती.

"बघू तरी काय सुधारणा आहे," असं म्हणून ते ढिगाकडे निघाले. मी थांबवेपर्यंत पाच पावलं झालीसुद्धा. रंधा पडल्या जागी ताठ झाला. मग आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं शेजारी कुणी खुर्ची सरकवली. हळूहळू तो वाढला. रंधा गुरगुरत होता.

दाजी थांबले. एक पाऊल मागे आले, मग आणखी एक. रंध्याने मान खाली टाकली.

"शाब्बास," मी म्हणालो.

"मला म्हणतोस की त्याला?"

"दोघांनाही, दाजी. त्याने सांगितलं, तुम्ही ऐकलंत."

दारातून ताई म्हणाली, "मी चाळीस वर्षं गुरगुरतेय. हे कधी एक पाऊल मागे आले नाहीत."

"तू कधी चावली नाहीस," दाजी म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "राहू दे कुत्र्याला. पण पोरांच्या खोलीचं दार उघडं दिसलं तर बघ."

तेव्हापासून दाजी आले की उंबऱ्याबाहेरून रंध्याला विचारायचे, "येऊ का रे?" आणि तो काय म्हणतो ते ऐकूनच आत यायचे. तो पुन्हा कुणाला चावला नाही.

दाजी तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये गेले. रंधा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला.