होडी, गळ आणि सुनेचं नाक

उरवड्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात होडी घेतली. पलीकडच्या काठावर एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, त्यांची दोन वल्ह्यांची लाकडी होडी उपडी पडून होती. माझा जन्म मुळशीच्या धरणाकाठचा, पण नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे पाणी मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं, तेही जाताना अर्ध्या झोपेत आणि येताना पुऱ्या. म्हटलं, आता निवांत पाण्यावर बसायचं आणि मासे धरायचे. आमच्या मंडळींनी, म्हणजे प्रभावतीने, विचारलं की आजवर किती मासे धरलेत. मी म्हटलं, आजवर होडी कुठं होती?

होडी आली तसा मी तिच्या मागेच लागलो. फटींत डांबर भरलं, तळाला रंगाचे दोन हात दिले, वल्ह्यांच्या कड्यांना ग्रीस लावलं. कारखान्यात आमचा शिरस्ता होता, कुठलाही सुटा भाग आधी रॉकेलात धुवायचा, फडक्याने कोरडा करायचा, मग वरून तेलाचं बोट फिरवायचं. ते हाताला इतकं बसलं होतं की गळ, रीळ, शिशाचे गोळे, सगळ्यांना मी दर शनिवारी तशीच आंघोळ घालायचो. गंजाचा ठिपका दिसला तर मला जेवण गोड लागायचं नाही. रेशनचं रॉकेल स्टोव्हपेक्षा होडीलाच जास्त जायला लागलं. त्यावरून घरात काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही.

पुण्यात रविवार पेठेत गळाचं सामान मिळतं असं कळलं, म्हणून तिकडे गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठला मासा धरायचाय? मी म्हटलं, मोठा. एवढ्या एका शब्दावर त्याने मला ओळखलं. फायबरची जाड काठी, समुद्रावर चालेल असं रीळ, बैल बांधता येईल असा नायलॉनचा तंगूस आणि बोटाएवढे गळ त्याने माझ्या गळ्यात मारले. वर पत्र्याचा एक चकचकीत खोटा मासा दिला, पाण्यात ओढला की वळवळतो म्हणे. घरी आल्यावर प्रभावतीने त्यातला एक गळ उजेडात धरला आणि हा माशासाठी हाय का रेड्यासाठी, एवढंच विचारलं.

पुढे कितीतरी दिवस मी धरणाच्या मधोमध जाऊन बसलो. होडी घेऊन काठालाच बसायचं तर होडी कशाला, असं माझं म्हणणं. शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे करून गळाला लावले. पत्र्याचा मासा ओढून ओढून खांदा आखडला. मासा काही लागला नाही, साधी चिलापीसुद्धा नाही. काठावर गुरं घेऊन येणारी माणसं आज काय, असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. मला फार राग यायचा. कधी माशांचा, कधी दुकानदाराचा, कधी उगीचच धरणाचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात आमची सून प्रियदर्शिनी आमच्याकडे राहायला आली. मुलगा रत्नदीप हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी चालवायचा आणि दोघं मारुंजीत खोली घेऊन राहायची. तिला दिवस गेले आणि वासाचं सुरू झालं. शेजारच्या खोल्यांतल्या फोडण्या, दारात उभ्या राहणाऱ्या टेम्पोंचा धूर, काही म्हणता काही सोसेना. मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच पोटातलं गेलं होतं, त्यामुळे सगळे धास्तावलेले. रत्नदीप म्हणाला, गावाला मोकळी हवा आहे, थोडे दिवस तिकडे राहा.

मोकळ्या हवेत उलट जास्तच झालं. पाचवा महिना लागला तरी पोरीच्या पोटात घास ठरेना. बुद्धपौर्णिमेची खीर तिने सगळ्यांना वाढली आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसली. पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ कमी आहे, पुढच्या सोमवारपर्यंत हिच्या पोटात काही टिकलं नाही तर दाखल करून घेईन, त्यापुढचं आत्ता सांगत नाही.  परत येताना एसटीत पोरगी खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. 

घरी आल्यावर प्रभावतीने तिला जवळ बसवून विचारलं, तुला काय खावंसं वाटतं ते तरी सांग. तिचं माहेर ताम्हिणी घाटाखाली, माणगावच्या बाजूचं. ती लाजत म्हणाली, बाबा नदीवरून मासा आणायचे तसा मासा. पाण्यातून काढला की लगेच चुलीवर. मी पडवीत बसून ऐकत होतो. तिथूनच म्हणालो, "दारात होडी हाय आपल्या. मी आणतो." बोलून तर बसलो.

आमचा शेजारी भिवाजी रात्री धरणात जाळं लावतो. त्याच्या कानावर गेलं आणि बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी एक रोहू आणून दिला. प्रियदर्शिनी दारापर्यंत आली आणि तोंडाला पदर लावून मागे पळाली. आतून म्हणाली, हा रात्रीच मेलाय. भिवाजीने मान डोलावली, मासा जाळ्यात रात्रीच अडकला असणार. म्हणजे आता मासा गळानेच धरायचा, आणि तो मीच. होडीची हौस तिथंच संपली. जीव मुठीत धरून वल्ही मारायला लागलो.

पहाटे जायचो, दुपारी जायचो, गळाला पेंड लावायचो, काढायचो, परत लावायचो. रिकामा आलो की ती दारात येऊन पिशवीकडे बघायची आणि म्हणायची, असू द्या मामा, उद्या लागंल. प्रभावतीचे टोमणे मी आयुष्यभर पचवलेत, पण पोरीचं ते समजूतदार बोलणं मला पचेना.

बुधवारी सकाळी मी ओट्यावर गळांची पेटी उघडून बसलो होतो. गळ पुसून झाले होते, पेंड मळत होतो. प्रियदर्शिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूने चालली होती ती थबकली, नाकाला पदर लावला आणि लांब जाऊन बसली. मी विचारलं, काय झालं. ती काही नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं तेव्हा, रागावणार न्हाई ना, असं आधी कबूल करून घेतलं.

मग म्हणाली, "मामा, ह्या पेंडीला रॉकेलचा वास येतोय. गळांना येतोय, तंगुसाला येतोय, तुमच्या हातालाबी येतोय. ह्या वासानं मला घास जात न्हाई, तर माशाला कसा जाईल?"

मी हात नाकाशी नेला. मला काही वास आला नाही. मी प्रभावतीला हाक मारली. तिने माझा हात हुंगला आणि म्हणाली, "ह्यो वास व्हय? ह्यो तर तुमचाच हाय. लगीन झाल्यापास्नं हाय."

मला हसू आलं. आणि हसता हसता थांबलो, कारण पोरीच्या बोलण्यातला दुसरा भाग तेव्हा कुठं डोक्यात शिरला. पेटी पडवीत असायची आणि पडवीला लागूनच स्वयंपाकघर. तिला विचारलं, "एवढे दिस बोलली का न्हाईस?"

ती म्हणाली, "तुमी इतक्या हौसेनं समदं पुसून ठेवता. कसं सांगू?"

काय म्हणावं अशा पोरीला? स्वतः उपाशी राहून ती सासऱ्याची हौस सांभाळत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पेटी, फडकी, रॉकेलचा डबा, सगळं उचललं आणि परड्यापलीकडच्या खोपटात नेऊन टाकलं.

त्यानंतर कारभार सुनेने हातात घेतला. आधी माझे हात. राखेने घासले, चिंचेने चोळले, शिकेकाई लावली. ती लांबूनच नाक पुढे करायची आणि मान हलवायची की पुन्हा धुवा. मला लहानपणी आईनेही इतकं धुतलं नव्हतं. कपडे गरम पाण्यात भिजले. होडी उन्हात उघडी टाकली. रत्नदीपला मिस कॉल गेला. त्याने फोन केला तसं तिने सांगितलं की पुण्यातून येताना बारीक तंगूस आणा, आणि पिठाच्या गोळीत पुरा लपेल एवढाच गळ आणा. तिच्या बाबांचा तसाच असायचा. जाड काठी तिने नापास केली, मासा तोंड लावतोय हे तसल्या काठीने कळतच नाही म्हणाली. भिवाजीकडून बांबूची एक लवचीक काठी मिळाली.

मग आमिष. प्रभावतीने घरातली पिठं एकेक करून पुढे केली. पेंड नको. बेसन नको. हिंगाची डबी तर उघडूही दिली नाही. शेवटी तांदळाचं पीठ भाजून त्यात गूळ कालवला, तेव्हा पोरीने वास घेतला, थोडं थांबली आणि म्हणाली, ह्यो सोसतोय. माशाचं नाक आणि गरोदर बाईचं नाक सारखं असतं की नाही, मला माहीत नाही. पण आमच्याकडे दुसरं माप नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही सगळेच धरणावर गेलो. घरात वास नको, मासा लागला तर काठावरच शिजवायचा, असं प्रभावतीने ठरवलं होतं. तवा, पातेलं, तेल-मीठ, तांदूळ, सगळा संसार तिने रत्नदीपच्या डोक्यावर दिला. मासा न लागता ही भांडी परत न्यायची वेळ आली तर काय, हा विचार वाटभर डोक्यातून जात नव्हता. सोमवार उद्यावर आला होता.

मी होडीत बसलो तशी प्रभावतीने ताकीद दिली की मधे जायचं नाही, पोर इथं बसलीय, हाकेच्या अंतरावर राहायचं. मी मुकाट्याने काठालगतच नांगराचा दगड सोडला. उन्हाळ्याने पाणी मागे सरलं होतं आणि जुन्या शेताचा एक बांध काठावरून उतरून पाण्यात शिरलेला दिसत होता. त्याच्या कडेला गळ टाकला. तंगुसाला बांधलेला बुचाचा तुकडा पाण्यावर उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो.

किती वेळ गेला माहीत नाही. बूच जरासं हललं. मला वाटलं वारा. मग ते तिरकं झालं आणि सरळ खाली गेलं. काठी हातात वाकली. मी सगळा जोर लावून ओढणार, तेवढ्यात काठावरून प्रियदर्शिनीचा आवाज आला, "मामा, ओढू नका. बारीक तंगूस हाय. पळू द्या त्याला, दमला की येईल."

मी हात सैल सोडला. तो बांधाच्या बाजूला पळाला, मी काठी दुसरीकडे धरली. तो खोल गेला, मी थांबलो. त्याने होडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मी बसल्या जागी त्याच्याबरोबर फिरलो. हळूहळू तो वर आला, चांगला हातभर लांबीचा रोहू, तांबूस परांचा. होडीत घेताना मासा सुटतो की काय असं झालं. सुटला नाही. काठावर रत्नदीप लहान पोरासारखा नाचत होता.

प्रभावतीने तिथंच दगडावर मासा साफ केला. काही तुकडे मीठ-हळद लावून तव्यावर टाकले, डोकं आणि बाकीचे पातेल्यात. पोरगी वाऱ्याची बाजू धरून बसली होती. तिच्या ताटात भात आणि एक तुकडा वाढला. आम्ही तिघांनीही तिच्याकडे बघायचं नाही असं न ठरवता ठरवलं. मी धरणाकडे बघितलं, रत्नदीपने डोंगराकडे बघितलं, प्रभावती चुलीत काटक्या सारत बसली, खरं तर विस्तव मजेत पेटलेला होता.

ताट रिकामं झालं. थोड्या वेळाने प्रियदर्शिनी एकदम उठली. रत्नदीप तांब्या घेऊन तिच्या मागे धावला. मला वाटलं, गेलं सगळं. ती झुडपांच्या बाजूला गेलीच नाही. चुलीपाशी आली, पातेल्यावरचं झाकण काढून वाकून बघितलं आणि म्हणाली, "डोकं कुणी घेतलं न्हाई ना?"

ती पुन्हा बसली आणि ते डोकं हाडं चोखून चोखून खाल्लं, रश्शात भात कालवून खाल्ला. प्रभावती रडली, आणि धुराचं नाव न घेता रडली. ऊन चढलं, आम्ही सावलीत सरकलो. पोटातलं पोटात राहिलं. बऱ्याच महिन्यांनी तिच्या तोंडावर तजेला दिसत होता. माझं मन इतकं भरून आलं होतं की कुणाकुणाचे आभार मानू असं झालं, त्या माशाचे, पाण्याचे, माणगावच्या व्याह्यांचे.

मी तिच्यापुढे जाऊन बसलो. म्हटलं, "पोरी, तुझे लई उपकार हायेत."

"मासा तुमी धरलात, मामा," ती म्हणाली. मग होडीकडे बघत हळूच म्हणाली, "अजून एक लागतोय का बघा. रातच्याला पायजे."

मी उठलो आणि वल्ही उचलली.