धरणावरच्या बाईची खुर्ची

आमच्या वाचकमंडळात आत्मचरित्र आलं की सगळ्या बायका आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारख्या हळू बोलतात. मला त्याचा भयंकर राग येतो. कादंबरीतली बाई असली की तिची सालटी काढतील. तिला अक्कल नव्हती का, तिने आधीच का नाही सांगितलं, आमच्या घरात असतं तर एक दिवस सहन केलं नसतं. आणि खऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक छापलं की, "किती सोसलं हो बिचाऱ्यांनी." अहो, लिहिणारा तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच. हरणार कसा?

माझं वाचनालय औषधाच्या दुकानावर आहे. एकच खोली, तीन भिंतींना पुस्तकं आणि चौथीला जिन्याचं दार. मंडळ रविवारी दुपारी भरतं आणि आम्ही पाच जणी असतो. हेडबाईंना शाळा सोडून बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. सिस्टर इस्पितळात नर्स आहे आणि भुताखेताच्या गोष्टींशिवाय तिचं पान हलत नाही. मग माझी थोरली जाऊ, म्हणजे वहिनी. वहिनींची सून. आणि पानं दुमडणाऱ्यांवर खेकसायला मी.

गेल्या बैठकीला भावजींचं आत्मचरित्र होतं. भावजी म्हणजे वहिनींचे यजमान, जाऊन दोन वर्षं झाली. पदरमोड करून छापलेलं जाडजूड पुस्तक. त्यात बदल्या, बढत्या आणि साहेबांनी पाठीवर मारलेल्या थापा. बायकोला दीड पान. 'माझ्या पत्नीला घराबाहेर पडण्याची हौस कधीच नव्हती' असं एक वाक्य होतं, ते हेडबाईंनी मोठ्यांदा वाचलं आणि म्हणाल्या, "जुनी माणसं." कुणी काही टीका केली नाही. मीही केली नाही, कारण भावजी खरंच देवमाणूस होते. एकाच इमारतीत मी वर आणि ते खाली राहायचे, पण त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "छान लिहिलंय," आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

ह्या वेळी कादंबरी होती, म्हणजे खुर्ची मांडायची. ही आमची पद्धत हेडबाईंनी काढली. एकीने मधल्या खुर्चीत बसायचं आणि पुस्तकातलं पात्र व्हायचं. बाकीच्यांनी तिला प्रश्न विचारायचे, तिने पात्र म्हणून उत्तरं द्यायची. आत्मचरित्राला खुर्ची नाही. खऱ्या माणसाच्या जागी बसायचं नाही, असा नियम. दुसरा नियम असा की पहिल्या बैठकीपर्यंत पुस्तक अर्धंच वाचायचं. उरलेल्या पानांना हेडबाई कागद अडकवायचा काळा चिमटा लावून ठेवतात. जिने पुढचं वाचलं तिने सगळ्यांचा चहा करायचा.

मी अर्थात सगळं आधीच वाचते. वाचनालय माझं आहे, चिमटा काढून परत लावता येतो.

कादंबरी एका धरणावरच्या साहेबाच्या बायकोची होती. रानात बैठा बंगला, नवरा गोडबोल्या. तो हळूहळू तिची पत्रं बंद करतो, कामवालीला काढून टाकतो, तिच्या माहेरच्यांना परस्पर खोटं सांगतो. अर्धं पुस्तक इथवर. मी तोवर वाचलं तेव्हा चिडले होते, कारण ह्या बायका नुसत्या घाबरत बसतात आणि पानंच्या पानं जातात. चिमट्यापलीकडे ती जीप चालवायला शिकते आणि सुटते.

"सूनबाई बसेल," हेडबाई म्हणाल्या. "ती कधीच बसली नाही."

सून वर्षभर मंडळात येत होती, पण बोलायची नाही. माझा पुतण्या तिला आणून सोडायचा आणि संपलं की न्यायला यायचा. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि लग्नापासून दोघं आमच्याच राहत्या इमारतीत, गच्चीखालच्या मजल्यावर वेगळी राहतात. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा सगळ्यांशी मऊ बोलतो. ह्याला मी माझ्या हाताने जेवू घातलंय. आम्हा सगळ्यांचं कौतुकाचं पोर. सून उठली आणि खुर्चीत बसली. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले.

"काय हो साहेबांच्या बाई," हेडबाईंनी सुरुवात केली, "एवढं सगळं कळतंय, तर घर सोडून जात का नाही तुम्ही?"

"चपला नसतात," ती म्हणाली.

सिस्टर हसली. "म्हणजे?"

"तो कामावर जाताना सगळ्या चपला गाडीत घालून नेतो. पावसाळीसुद्धा. म्हणतो, अनवाणी बाई किती लांब जाणार."

"वा," हेडबाई म्हणाल्या. "आणि गेलीच अनवाणी, तर?"

"घरी आल्यावर आधी माझे तळवे बघतो. मी पलंगावर बसायचं आणि पाय पुढे करायचे. तो चष्मा लावून बघतो."

"अगं, थांब थांब," सिस्टर म्हणाली. "हे चिमट्याच्या पुढचं आहे. पुढचं सांगू नकोस बाई, माझी मजा जाईल. चहा तुझ्याकडे लागला."

हेडबाईही रागावल्या. नियम म्हणजे नियम, म्हणाल्या. मी मात्र पुस्तकाकडे बघत राहिले. कारण चिमट्याच्या पुढचं मी वाचलं होतं आणि त्यात चपला नव्हत्या. तळवे नव्हते. धरणावरच्या साहेबाला चष्माही नव्हता.

मला वाटलं, पोरीने कल्पना लढवली असेल. असं वाटावं म्हणून मी धडपडत होते, खरं सांगते. पुस्तकातल्या माणसाचं वाईट ऐकायला मला कधी काही वाटलं नाही, पण हे ऐकावंसं वाटेना. मी वहिनींकडे बघितलं. त्या बिस्किटाच्या बशीकडे बघत होत्या.

"मारतो का?" मी विचारलं.

"कधीच नाही. आवाजसुद्धा चढवत नाही." ती आता माझ्याकडेच बघत होती. "हल्ली संध्याकाळी गच्चीवर नेतो. कठड्यावर बस म्हणतो. बसले की माझ्या पाठीवर हात ठेवतो आणि सांगतो, तू पडलीस तर सगळे म्हणतील, चक्कर आली असेल."

"बैठ्या बंगल्याला गच्ची कुठली?" सिस्टर म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

पुतण्या गेले दोन महिने मला सांगत होता, "काकू, हिला चक्कर येते हल्ली, जिन्यावर जरा लक्ष ठेवा." मी हिला लिंबूपाणी पाजलं होतं. सिस्टरने दोनदा रक्तदाब बघितला, काही निघालं नाही, तरी सिस्टर म्हणाली होती, "असतं एकेकीचं." सगळ्या इमारतीला ठाऊक होतं की हिला चक्कर येते. त्याने एकेकाला गाठून, काळजीने सांगितलं होतं.

हेडबाईंच्या डोक्यात मात्र अजून उजेड पडला नव्हता. त्या टाळ्या वाजवत होत्या. आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

पुतण्या दारात आला. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या. "खाली कुत्रं आहे," तो म्हणाला, "उचलून नेईल म्हणून वर आणल्या. झालं का काकू?"

"झालं, झालं," मी घाईने म्हटलं. तिला त्याच्याबरोबर पाठवायचं नव्हतं, पण काय करायचं ते सुचत नव्हतं. डोकं चालेना. आणि हेडबाईंचं तोंड थांबेना.

"तुझ्या बायकोला पहिला नंबर दिला पाहिजे," त्या म्हणाल्या. "काय बसली खुर्चीत. अंगावर काटा आला. नवरा म्हणे चपला गाडीत घालून नेतो, तळवे तपासतो, गच्चीवर..."

"बाई," मी म्हटलं.

तो हसतच होता. "असं आहे पुस्तकात?"

"आहे ना," मी म्हणाले. "पुढच्या भागात." मी इतक्या झटकन खोटं बोलले की मला स्वतःचंच नवल वाटलं.

"बघू तरी." त्याने हात पुढे केला. "कुठलं पान?"

"ते काही लक्षात नाही बाबा. घरी ने, सावकाश वाच."

"आत्ताच बघतो. घाई कुठे आहे."

त्याने पुस्तक घेतलं, चिमटा काढून टेबलावर ठेवला, चपला शेजारी ठेवल्या आणि खिशातला चष्मा लावला. उभ्या उभ्या पानं उलटू लागला. एक पान, मग दुसरं. त्याला वाचायची सवय होती, भराभर नजर फिरवत होता. खोलीत पानांचा तेवढा आवाज. मी मनात म्हणत होते, सापडू दे, कुठेतरी चपला सापडू देत. जणू मी म्हटल्याने त्या तिथे छापल्या जातील. सिस्टर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला कळलं होतं, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

सून खुर्चीतच होती. ती म्हणाली, "शोधू नका. पुस्तकात नाही ते. माझं आहे."

त्याने पुस्तक मिटलं. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे वळला.

"बघितलंत ना, काकू. मला हेच वाटत होतं. पुस्तकातलं कुठलं आणि आपलं कुठलं, कळत नाही तिला हल्ली. डॉक्टरला दाखवायचंच होतं. आजपासून हे वाचन बंद." मग तिच्याकडे बघून, अगदी मायेने, "चल. चपला घाल."

ती उठली. खरंच उठली, आणि मला ते बघवेना. तिने एक पाय पुढे टाकला होता. मी दाराकडे गेले खरी, पण माझ्यात काय बळ? तो मला काकू म्हणतो, मी त्याला बाळा म्हणते, आमच्या घरात कधी कुणी कुणाचा रस्ता अडवलेला नाही. आम्ही अब्रूदार माणसं. बोलायचं ते पोटात ठेवायचं, अशीच आमची सगळ्यांची रीत.

"ती आज माझ्याकडे राहील," वहिनी म्हणाल्या.

त्या बसल्याच होत्या. बशी मांडीवर होती.

"आई, तू नको मध्ये पडूस. तुला काही माहीत नाही."

"मला माहीत आहे. तुझे बाबा माझे तळवे बघायचे."

हेडबाईंनी तोंडावर हात ठेवला. पुतण्याचा चेहरा पहिल्यांदा हलला, पण थोडाच.

"आई, तुझं वय झालंय."

"झालंय. म्हणून सांगते. तू जा."

तो जागचा हलला नाही. आमच्या पाची जणींवरून एकेक करून नजर फिरवली, दुकानात फ्रेम निवडताना बघतात तशी, सावकाश. माझ्यावर सगळ्यात जास्त वेळ थांबला. मला इतकी भीती वाटली की ज्याला मी मांडीवर घेतलं होतं त्याच्या नजरेला मी नजर देऊ शकले नाही. मी पुस्तकांकडे बघत राहिले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी खाली गाडीत थांबतो. तुमचं आटपू दे निवांत."

तो गेला. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग कसलाच नाही. गाडी सुरू झाली नाही. मी दाराला कडी लावली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. सिस्टरने पोलिसांना फोन लावला आणि पत्ता सांगताना तिला गल्लीचं नाव आठवेना, ते हेडबाईंनी सांगितलं. हेडबाईंचा आवाज पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला.

सून भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. "तो जाणार नाही," ती म्हणाली. "त्याला थांबता येतं."

वहिनी उठून खिडकीशी गेल्या. पडदा जरासा बाजूला करून खाली बघितलं, आणि तिथेच उभ्या राहून, सुनेकडे पाठ करून, नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"हे मला पाय पुढे करायला लावायचे ना, तेव्हा हा दाराशी येऊन उभा राहायचा. एवढासा होता. डोळे मोठे करून बघायचा, हलायचा नाही. मला वाटायचं, पोराला माझी दया येतेय."