मागच्या फोटोतली भुवई

मी फोटो बोलतोय. भिंतीवरचा नव्हे, त्याच्या मागचा. समोर काचेआड जो देखणा, गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण तुम्हाला दिसतोय ना, त्याच्या पाठीला माझं तोंड चिकटलंय. आम्ही दोघं एकाच माणसाचे फोटो आहोत असं या घरात सगळे मानतात. मी मानत नाही. म्हणून तर तोंड उघडलंय, नाहीतर आम्हा फोटोंना गप्प राहायची सवय असते.

मी कृष्णधवल आहे. आकाराने पोस्टकार्डाएवढा, कागद जरा खरबरीत, आणि अंगभर दाणे. कुणीतरी बारीक वाळू भुरभुरावी तसे. लोक मला हातात घेतात आणि आधी फुंकर मारतात. मग बोटाने पुसून बघतात. धूळ जात नाही म्हटल्यावर "खराब आलाय" म्हणतात आणि बाजूला ठेवतात. याचा मला मनस्वी राग येतो. अहो, खराब काय? मी असाच जन्मलो आहे, आणि ज्याने मला जन्म दिला त्याला मी असाच हवा होतो.

त्याची आई त्याला सोन्या म्हणते, म्हणून मीही सोन्याच म्हणतो. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत तो कामाला होता. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो, दिवसभर हेच. स्टुडिओच्या मालकांना सगळे काका म्हणत. काकांनी दुकानातला कॉम्प्युटर असा लावून ठेवला होता की कुठलाही फोटो उघडला की तो आधी साफ व्हायचा आणि मग पडद्यावर यायचा. मुरूम, डाग, सुरकुत्या, दाणे, सगळं झटक्यात गायब. मुळात फोटो कसा होता हे बघायची त्या दुकानात पद्धतच नव्हती. वेळ वाचतो, काका म्हणायचे.

यावरून दोघांची रोज जुंपायची.

"गिऱ्हाइकाला गाल हवेत, सोन्या. दाणे नकोत."

"काका, दाणा म्हणजे कॅमेऱ्याची कबुली असते. बाबा रे, इथून पुढे मला दिसत नाही, असं तो सांगतो. तुमचं मशीन सांगत नाही. ते सरळ ठोकून देतं."

"ठोकून देऊ दे की. आजवर एक तरी माणूस भांडायला आलाय का?"

"भांडतील कशाला? छान दिसतात ना."

काका पोट हलवत हसायचे आणि त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. जीव होता त्यांचा पोरावर, उगाच खोटं कशाला बोलू? आणि सोन्याचंही स्वच्छ फोटोंशी काही वाकडं नव्हतं. मोठ्या कॅमेऱ्याने भरपूर उजेडात काढलेला फोटो तोही कौतुकाने बघायचा, पापणीचा केस न् केस दिसतो म्हणून. त्याचं म्हणणं एवढंच होतं की जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही, ते पाहिल्याचा आव आणू नये.

माझा जन्म एका संध्याकाळी त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत झाला. वीज गेली होती. खिडकीतून येणारा उजेडही विझत चालला होता. सोन्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा कपाटाच्या फळीवर ठेवला, त्याला अंधारात डोळे ताणायला लावलं, टायमर लावला आणि समोर जाऊन बसला. रंग मातकट आले, म्हणून त्याने ते काढूनच टाकले. उरला काळा, पांढरा आणि मधले करडे दाणे. दुकानात मला उघडलं असतं तर तिथल्या तिथे माझी हजामत झाली असती, म्हणून त्याने मला मित्राकडे जाऊन छापलं आणि आईच्या हातात दिलं.

आईने फुंकर मारली नाही. तिने मला खिडकीशी नेलं आणि माझ्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"भुवई आली बघ," ती म्हणाली.

सोन्याच्या डाव्या भुवईत फट होती. लहानपणी ओट्यावरून पडला, तेव्हापासून भुवईचे दोन तुकडे झालेले आणि मध्ये केस उगवायचं नावच घेत नव्हते. माझ्यात ती फट म्हणजे मूठभर पांढरे दाणे. आसपासचे दाणे काळे, म्हणून ते कळतात. आई त्यावरून बोट फिरवत राहिली. तो झोपलेला असताना ती हेच करायची म्हणे.

त्या घरात त्याचा मोठेपणीचा एकट्याचा असा फोटो मीच. दुसऱ्यांचे फोटो काढणारा तो, स्वतःवर फोन रोखला की तोंड फिरवायचा. बाबांनी तर त्याला धड डोळे भरून पाहिलेलंही नव्हतं. ते टँकर चालवायचे, महिन्यातले चार दिवस घरी. मुलगा त्यांना जास्त करून फोनवरच्या आवाजाने ठाऊक. चेहरा माहीत होता, पण आईसारखा पाठ नव्हता. निवृत्त होऊन घरी आले, आता पोराबरोबर राहीन म्हणाले, आणि त्याच साली सोन्या नाहीसा झाला.

दुसऱ्या गावात एक बंद पडलेली गिरणी आहे, तिचे फोटो काढतो म्हणून सकाळी निघाला. उद्या येतो म्हणाला. कॅमेरा, फोन, ओळखपत्र, सगळं बरोबर होतं. त्यातलं काहीच परत आलं नाही. पोलिसांत तक्रार झाली. पोलिसांनी फोटो मागितला, आणि आईने उशीखालून मला काढलं.

बाबा मला घेऊन काकांकडे गेले. आईही मागोमाग गेली. काका मला बघून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "माझ्या हाताखालचा पोरगा आहे. असा वाळू सांडल्यासारखा फोटो भिंतीवर लावाल तर कोण ओळखेल त्याला? द्या इकडे. एकदम स्मूद करून देतो."

त्यांनी मला काचेवर पालथा घातला, वरून झाकण लावलं. माझ्या अंगावरून उजेड सरकत गेला. झाकण उघडून मला टेबलावर ठेवलं तेव्हा पडद्यावर तो आलेला होता. साफ होऊनच आला होता.

मी हबकलो. तो मीच होतो आणि मी नव्हतो. माझ्या गालावर जिथे नुसता अंधार आहे, तिथे त्याला मऊ कातडी होती. माझ्या पापण्या काळ्या दाण्यांत बुडालेल्या, त्याची एकेक पापणी मोजून घ्यावी अशी. कुठून आणल्या त्याने त्या? सोन्याच्या नव्हत्या, हे नक्की. त्या मशीनने हजारो परक्यांचे चेहरे बघून ठेवलेत, त्यांतल्या कुणाकुणाच्या उचलल्या असतील. आणि डावी भुवई कोरल्यासारखी पूर्ण. फटीतले पांढरे दाणे त्याला घाण वाटले, त्याने ते झाडून टाकले आणि तिथे केस लावले.

"भुवई भरली का हो?" आईने विचारलं.

"वहिनी, ते दाणे होते," काका म्हणाले. "खराबी होती, ती गेली."

"किती स्पष्ट आलाय," बाबा म्हणाले. "समोर बसल्यासारखा."

आईने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. एवढी कामातली माणसं सांगताहेत म्हटल्यावर तिने मान डोलावली. आणि खरं सांगू का, तिला कुठलाही फोटो चालला असता. घरच्यांना माणूस ओळखायला फोटो लागत नाही, पाठमोरा दिसला तरी पुरतो. फोटो लागतो तो परक्यांना. बस स्टँडवरच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या सिस्टरला. त्यांच्याजवळ कागदावरच्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही नसतं. आणि नेमका त्यांच्याच हाती हा दिला.

त्याचे पोस्टर गावोगाव लागले. फोन यायला लागले. बाबा दर फोनला उठून जायचे. बरोबर एक प्लास्टिकचं पाकीट असायचं. त्यात पुढे तो, माझ्याच मापाचा छापलेला, आणि मागे मी. एकदा एका कापडाच्या दुकानातून फोन आला. गेलो, तर गल्ल्यापाशी उभा असलेला पोरगा हुबेहूब तो, असं बाबांनी नंतर आईला सांगितलं. तेच गाल, तशाच पापण्या, तशीच पूर्ण भुवई. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. पोरगा मागे सरकला.

"काका, मी नाही हो तो," तो म्हणाला. "रोज कुणीतरी मला अडवतं. परवा तर पोलीस घेऊन गेले होते. काढा ना ते पोस्टर." त्याच्या आवाजात भीती होती. बाबांनी त्याची माफी मागितली, आणि परतीच्या बसमध्ये सारखं पाकीट काढून बघत राहिले. तेव्हापासून मला वाटायला लागलं की आपण ज्याला शोधतोय तो सोन्या राहिलेलाच नाही.

मग तो दवाखाना. ते आठवलं की माझा कागद आजही आखडतो.

लांबचं शहर, मोठा सरकारी दवाखाना. एक बेवारस तरुण तिथे बरेच दिवस पडून होता, डोक्याला मार, बोलत नाही, नाव सांगत नाही. वॉर्डात कसलीशी साथ होती म्हणून बाहेरच्यांना आत सोडत नव्हते.

"फोटो द्या काका, मी बघून येते," सिस्टर म्हणाली. भली बाई होती. बाबांनी पाकिटातून पुढचा काढून दिला. तिने तो उजेडात धरला. "दुसरा आहे का एखादा?"

"आहे," बाबा म्हणाले, "पण तो खराब आहे हो. त्यात काही दिसत नाही."

"असू द्या मग."

ती आत गेली. बाबा बाकावर बसले. त्यांच्या मांडीवर पाकीट, पाकिटात मी, पहिल्यांदाच मोकळ्या तोंडाने. दार ढकलून ती गेली तसं ते झुलत राहिलं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. दाराजवळच्याच खाटेवर एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले, डोक्याला पट्टी. त्याने दाराकडे मान वळवली. डाव्या भुवईचे दोन तुकडे होते.

माझी भुवई मला कळते. मी ओरडलो असतो तर छत खाली आलं असतं. पण फोटो ओरडतो कसा? बाबा खाली बघून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. ते घट्ट बसलं होतं. ते निघेपर्यंत दार झुलायचं थांबलं होतं.

सिस्टर बाहेर आली. तिने मान हलवली. "नाही हो काका. मी नीट बघितलं. जुळत नाही. हा किती तेजस्वी आहे, आणि तो बिचारा..." तिने पुढचं सोडून दिलं. "कुणीच आलं नाही तर आम्ही त्याला आश्रमात पाठवणार. तिकडे खूप लांब. तुमचा तो नाही, ते एका अर्थी बरंच आहे म्हणायचं."

बाबांनी तिला नमस्कार केला. फोटो पाकिटात घातला, माझ्यावर. मला परत काही दिसेनासं झालं.

त्यानंतर बाबा कुठे गेले नाहीत. काकांनी फ्रेम आणून दिली, आपणहून. हा जरा हलतोय, मागे काहीतरी घालायला हवं, म्हणाले. पाकिटात मी होतोच.

"जुना घालू का मागे? आधाराला होईल."

"घाला," बाबा म्हणाले.

पुठ्ठा बसला, खिळे वाकवले. तेव्हापासून मी इथे आहे. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. आई रोज दुपारी काम आटपलं की समोर येऊन उभी राहते. तिच्या श्वासावरून मला कळतं. आधी ती त्याच्याशी बोलायची. हल्ली बोलत नाही. "याच्या डोळ्यांकडे बघवत नाही," असं एकदा म्हणाली, तेवढंच.

आज तिने काचेला बोट लावलं.

"इथे काहीतरी होतं," ती म्हणाली.

"कुठे?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"भुवईत. फट होती ना हो?"

खुर्ची सरकली. बाबा उठून आले, चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नाही गं. फोटोत बघ ना, कुठे आहे? लहानपणी असेल. नंतर भरली असेल."

"भरली असेल," आई म्हणाली. पण बोट काढलं नाही.

आई, काढू नकोस. तुझ्या बोटाखाली काच आहे, काचेखाली हा आहे, आणि याच्याखाली, त्याच जागी, ती फट आहे. मध्ये नुसता एक कागद आहे गं. खिळे सरळ कर, पुठ्ठा काढ, मला खिडकीशी ने. मग मला घेऊन त्या दवाखान्यात जा. त्याला अजून हलवलं नसेल. हलवलं असेल तर आश्रमात जा. पण मला ने, याला नको.

बोट उचललं गेलं. पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

"काचेवर डाग पडला बघ," बाबा तिला म्हणाले, आणि बाहीने पुसून त्यांनी तो साफ केला.