सरुबाईचा अबोला

पळसदेवच्या सरुबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं, त्याला आठ दिवस झाले होते. रामहरीनं थोरल्या लेकीच्या लग्नात दारू सोडली होती. चार वर्षं तो तिला शिवला नव्हता. पण हल्ली त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येई. बांधावरनं चालताना तोल जाई. तांब्यावर तांब्या पाणी पिऊनही घसा कोरडाच. सरुबाईनं काय ते ताडलं. भाकरी वाढी, पण शब्द काढत नसे.

इंदापूरच्या बाजारात गवारीची पाटी उतरवताना रामहरी खाली बसला तो उठेचना. दारूबंदीचे दिवस. हवालदारानं वाकून वास घेतला आणि बखोट धरलं.

"मी घेतली न्हाय," रामहरी बायकोकडं बघत म्हणाला.

"न्या दवाखान्यात," सरुबाई हवालदाराला म्हणाली. "एकदा खरं काय ते कळू द्या."

दवाखान्यात रामहरीला खाटेवर निजवून डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली. हे काम राजमहंमदचं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं लघवी तापवून तिची वाफ नारिंगी औषधात सोडली.

"दारू असली तर हे हिरवं पडतं," तो दारातल्या दोघांना म्हणाला.

सरुबाईची नजर नळीवरनं हलेना. औषध नारिंगीच राहिलं. हवालदार टोपी नीट करत निघून गेला.

राजमहंमदला मात्र त्या वाफेचा फळासारखा वास स्वस्थ बसू देईना. त्यानं उरलेल्या लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, मग विटेसारखं लाल.

"बाई, ह्यांच्या लघवीत लई साखर हाय. वास, चक्कर, समदं त्याचंच. आज आलात ते बरं झालं. चार दिवसांनी डॉक्टरांच्याबी हातात राहिलं नसतं."

डॉक्टरांनी साखर उतरवायची सुई टोचली. सरुबाई खाटेजवळ भुईवर बसली.

"आवो, चुकलं माझं," ती म्हणाली.

"आधी पीत हुतोच की मी. तुला तरी कसं कळावं?"

"आता समदं सांगा. कुठं दुखतंय, काय हुतंय."

रामहरी सांगत गेला. पायाला मुंग्या येतात, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते. डॉक्टर फेरीला येईपर्यंत ती ऐकत होती.

दवाखान्यात सतरा दिवस गेले. घरी गेल्यावरही सुई रोज लागणार होती; ती टोचायला गावात कोण येणार? सरुबाई म्हणाली, मला शिकवा. राजमहंमदनं तिच्या हातात सुई आणि सरावाला एक वांगं दिलं. दोन दिवसांत तिनं त्याची चाळण केली.

घरी पहिल्या सकाळी तिनं सुई उकळली, औषध भरलं, पण नवऱ्याच्या अंगात सुई खुपसवेना. रामहरीनं तिचं मनगट धरून सुई आपल्या मांडीशी नेली.

"दुखलं का?"

"न्हाय," तो म्हणाला. दुखलं होतं.

महिन्याभरात तिचा हात बसला. मग मात्र खरंच दुखेनासं झालं.