बदकं राखणारीचा आवाज

नाताळच्या आधी टीव्हीच्या कार्यक्रमांचा जाडजूड अंक घरात आला, की ब्लाझेनाच्या घरी रंगीत पेन्सिली बाहेर निघत. नवरा रोस्त्या निळ्या पेन्सिलीनं त्याच्या जुन्या विनोदी सिनेमांना गोल करायचा, नात योहान्का हिरव्यानं तिच्या परीकथांना. लाल पेन्सिल ब्लाझेनाची. तिचा गोल एकच, दर वर्षी तोच: चोवीस तारखेच्या दुपारी लागणारी, बदकं राखणाऱ्या पोरीची गोष्ट. त्या सिनेमातली पोरगी म्हणजे आठ वर्षांची ब्लाझेनाच होती.

यंदा अंक आला आणि दुसऱ्याच दिवशी नाहीसा झाला. तो रजयांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या रजईखाली होता, आणि तिथं तो ब्लाझेनानंच कोंबला होता. एकेचाळिसाव्या पानावर पिल्झेनच्या क्वेता नावाच्या बाईची मुलाखत होती. बाई जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेली. लहानपणी रेडिओवरच्या मुलांच्या गायनवृंदात असायची. एका दुपारी तिला प्रागला नेलं, अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभं केलं आणि बदकं राखणारीची सगळी वाक्यं म्हणवून घेतली. शेवटी तिनं सांगितलं होतं, ‘घरी सांगते तर नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, चेहरा तर दुसऱ्याच मुलीचा आहे. आता मी सांगायचंच सोडलंय.’

हे वाचल्यापासून ब्लाझेनाला एका जागी बसवेना.

ती ओस्त्राव्याची. तिथली माणसं शब्द आखडून बोलतात. आमच्या चोचीच आखूड, असं स्वतःच म्हणतात. त्यात तिचा आवाज लहानपणापासून घोगरा. दिग्दर्शकाला शाळेत तिचे गाल आवडले, पुढचे पडलेले दात आवडले, पण आवाजाचं काय करायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिला कळलं ते थेट थिएटरात, सगळी शाळा शेजारी बसलेली असताना. पडद्यावर तिनं तोंड उघडलं आणि आतून चांदीच्या घंटेसारखा कुणाचा तरी आवाज आला. तिनं चमकून आईकडे पाहिलं. आईनं तिचा हात घट्ट दाबला. तेव्हा जी गप्प बसली ती बसलीच.

पुढे तो बारीक आवाज काढायला ती शिकली. लग्नात, कारखान्याच्या समारंभात, मुलाच्या शाळेत लोक म्हणायचे, ते वाक्य म्हणा ना. मग ती गळा आवळून म्हणायची, “महाराज, तुमच्या सावलीनं माझी बदकं गारठतात.” लोक टाळ्या वाजवायचे. रोस्त्या पाहुण्यांना सांगायचा, मी बाईशी नाही, त्या आवाजाशी लग्न केलं.

आणि तिकडे पिल्झेनला त्या आवाजाच्या मालकिणीला तिचीच नातवंडं हसत होती.

चोवीस तारखेला मुलगा राडिम योहान्काला घेऊन सकाळीच आला; सून इस्पितळात कामावर होती, ती रात्रीच्या जेवणाला येणार होती. रिवाजाप्रमाणे संध्याकाळपर्यंत सगळे उपाशी, त्यामुळे सगळेच चिडचिडे. ब्लाझेनानं बटाट्याच्या सॅलडमध्ये दोनदा मीठ घातलं. मासा कापताना बोट कापून घेतलं. रोस्त्या अंक शोधत घरभर फिरत होता आणि विचारत होता, या घराला पाय फुटलेत का. शेवटी राडिम म्हणाला की फोनवर बघतो, सगळं तिथं असतं. मुलाखतही तिथं असेल, म्हणून ती त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. त्यानं वेळा तेवढ्या वाचल्या आणि फोन खिशात टाकला. ती उगाचच स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागली.

साडेतीनला सगळे बसले. ब्लाझेना कोचाच्या कडेवर, उठायच्या बेतात. पडद्यावर बर्फातून राजा आला, बदकांसमोर उभा राहिला. योहान्कानं आजीकडे हसून पाहिलं. आता दोघींनी मिळून वाक्य म्हणायचं असायचं. ब्लाझेनानं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. पडद्यावरच्या पोरीचे ओठ नुसतेच हलले.

“तो आवाज माझा नाही,” ती म्हणाली. “कधीच नव्हता.”

रोस्त्याला वाटलं रिमोट बिघडला. ती आत गेली, रजईखालून अंक काढून आणला आणि पान उघडून राडिमच्या हातात दिलं. अर्धं पान त्यानं मोठ्यानं वाचलं, उरलेलं मनात.

“तिसरीत वर्गातला ओंद्रा म्हणाला होता, तुझी आई अशी बोलतच नाही,” तो हळू म्हणाला. “मी त्याचा दात पाडला, आई.”

एवढं बोलून तो बाल्कनीत गेला आणि कोट न घालताच थंडीत उभा राहिला.

रोस्त्यानं मुक्या टीव्हीवरची नजर काढली. मग म्हणाला, “मला वाटायचं, लग्नानंतर सिगारेटींनी तुझा आवाज बसला.”

“मी कधी ओढली सिगारेट?”

“तेच तर कोडं होतं.”

योहान्काला यातलं काहीच नको होतं. राजा चिखलात पडायची वेळ झाली होती, तिला आवाज हवा होता. ब्लाझेनानं तो लावला.

राडिम जेवताना बोलला नाही. सॅलड खारट झालंय हेसुद्धा म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. पंचवीस तारीखही तशीच गेली. सव्वीसला दुपारी तो एकटाच आला, सूप वाढलेल्या टेबलाशी बसला आणि एक चिठ्ठी तिच्यासमोर सरकवली. तो अंक काढणाऱ्यांत त्याच्या ओळखीचं कुणी होतं. त्यानं क्वेताला विचारून तिचा नंबर मिळवला होता.

“तिच्या नातवंडांना तू सांग,” तो म्हणाला. “ओंद्राला मी सांगतो.”

ब्लाझेनाचं बोट दोनदा चुकीच्या आकड्यावर पडलं. पलीकडून तिला ती चांदीची घंटा ऐकू येईल असं वाटत होतं. आला तो खरखरीत, तिच्याहूनही घोगरा आवाज. ब्लाझेनानं नाव सांगितलं, कोण ते सांगितलं.  मग क्वेता म्हणाली, थांबा, पोरांना बोलावते.

पोरं आली. ब्लाझेनानं सांगितलं की चेहरा माझा होता, आवाज तुमच्या आजीचा. एका मुलाचा विश्वास बसेना. तो म्हणाला, मग तुम्ही म्हणून दाखवा. तिनं गळा आवळला नाही. महाराज, सावली, बदकं, सगळं आखूड ओस्त्राव्याच्या बोलीत, जसं आलं तसं म्हटलं.

“नाही, हा तो नाहीच,” मुलगा म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

पोरं पांगल्यावर क्वेतानं विचारलं, बाई, तो बर्फ खरा होता का? पन्नास वर्षं मनात आहे.

“मीठ आणि कापूस,” ब्लाझेना म्हणाली. “मे महिना होता. बदकं उन्हानं धापा टाकत होती.”

“आणि मी त्या खोलीत थंडीनं कुडकुडत होते,” क्वेता म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला लागला.

राडिमनं आईचं गार झालेलं सूप परत पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला.